छताच्या पन्हळी धुताना नुसतं पाणी वापरावं की रसायन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्हळ घाण झाली आहे. पाण्याने भागेल का, की रसायन लागेलच?

आधी घाण पन्हळीच्या आत आहे की बाहेर, ते बघा. आत साचतो तो पाचोळा, माती, छतावरून झडलेला कचरा आणि पक्ष्यांची विष्ठा. हे सगळं हाताने उचलायचं आणि उरलेलं पाण्याने वाहून घालवायचं असतं; तिथे रसायनाला करण्यासारखं कामच नसतं. बाहेरच्या अंगावर दिसतात ते डाग: काळे ओघळ, हिरवं शेवाळ, गंजाचे तांबूस पट्टे, पांढरा थर. यातले काही साबणाच्या पाण्याने निघतात, काहींना औषध लागतं, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. त्यामुळे ‘कोणतं क्लीनर चांगलं?’ एवढंच विचारून उत्तर मिळत नाही. डाग कशाचा आहे आणि पन्हळ कशाची आहे, हे कळल्याशिवाय बाटली उघडू नये.

डाग कशाचा आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

चार छोट्या चाचण्या पुरतात. पन्हळीच्या कमी दिसणाऱ्या बाजूला करा.

ओल्या पांढऱ्या फडक्याने एकदा पुसा. फडक्याला पन्हळीच्या रंगाची भुकटी लागली, तर तो मळ नाही. उन्हाने रंगाचा वरचा थर पिठूळ झाला आहे. तो कितीही धुतला तरी पुन्हा येतो, कारण दर वेळी थोडा रंगच निघतो. त्यावर उपाय एकच, हलकं धुऊन नवा रंग देणं.

फडकं स्वच्छ राहिलं आणि डाग हिरवा किंवा काळपट असेल, तर त्यावर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाका. दोन-तीन मिनिटांत रंग उडाला तर शेवाळ किंवा बुरशी. काहीच फरक पडला नाही तर काजळी, धूर किंवा डांबराचा अंश.

पांढऱ्या खरखरीत थरावर व्हिनेगरचा थेंब टाकून बारीक बुडबुडे आले, तर तो पाण्यातला क्षार. ही चाचणी रंग दिलेल्या किंवा पीव्हीसी पन्हळीवरच करा. उघड्या जीआय पत्र्यावर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्यावर, जस्ताचा पांढरा थरसुद्धा व्हिनेगरने फसफसतो आणि निदान चुकतं. ब्लीचची आणि व्हिनेगरची चाचणी एकाच जागी लागोपाठ करू नका.

तांबूस पट्टा असेल तर वर नजर टाका. बहुतेक वेळा एखादा गंजलेला स्क्रू, खिळा किंवा ब्रॅकेट सापडतं. ते बदललं नाही, तर धुतलेला पट्टा पुढच्या पावसात परत उमटतो.

पन्हळ कशाची आहे त्याने एवढा काय फरक पडतो?

फार मोठा. निकाल इथेच लागतो.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि तोच त्याला वाचवतो. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या (आम्ल-अल्कलीच्या मापाच्या) दरम्यान हा थर टिकतो. धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा, ओव्हन साफ करण्याचे फवारे हे सगळे या मर्यादेच्या वर जातात. कॉस्टिक तर ॲल्युमिनियम खाताना हायड्रोजन वायू सोडतं. पत्रा काळा पडतो आणि त्याला खड्डे पडतात. जीआय पत्र्यावरच्या जस्ताला आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही चालत नाहीत. संडास साफ करण्याचं ॲसिड त्यावर ओतलं की पत्रा चकचकीत दिसतो, कारण वरचं जस्त विरघळलेलं असतं. पुढच्या ओल्या मोसमात तिथेच गंज धरतो.

पीव्हीसीला आम्ल किंवा सौम्य अल्कलीचं फारसं काही वाटत नाही, पण थिनर आणि ॲसिटोनने ते मऊ पडून चिकट होतं. तांब्याची पन्हळ असेल तर तिच्यावरचं हिरवं-तपकिरी पुट हे तिचं कवच आहे. पाणी आणि साबण याखेरीज काही लावू नका. बिडाच्या जुन्या पन्हळीवर रंग शाबूत असेल तोवर साबणपाणी चालतं. रंग उडालेला असेल तर घासून लगेच कोरडी करून प्रायमर मारावा लागतो. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा खरवडू नका, ओला ठेवून काढा.

ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पन्हळीचं काय?

घासू नका, खरवडू नका, प्रेशर वॉशर लावू नका. तंतू हवेत किंवा पाण्यात सुटतात. हे काम प्रशिक्षित माणसाचं.

आतला गाळ पाण्याने काढायची योग्य पद्धत कोणती?

थेट पाइप सोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कोरडा पाचोळा वाहत जाऊन डाऊनपाइपच्या (पन्हळीतून पाणी खाली नेणाऱ्या उभ्या पाइपाच्या) पहिल्या बेंडमध्ये बसतो आणि वरचं अर्ध्या तासाचं काम खाली अर्ध्या दिवसाचं होतं.

आधी डाऊनपाइपच्या तोंडात जुनं फडकं किंवा जाळी बसवा. गाळ वाळून घट्ट झाला असेल तर त्यावर झारीने पाणी शिंपडून २०-३० मिनिटं थांबा. पक्ष्यांची विष्ठा असेल तर शिंपडणं टाळूच नका, मास्कही लावा. कोरडी विष्ठा उकरली की तिची धूळ श्वासात जाते आणि त्यातून फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. मग प्लॅस्टिकच्या थापीने गाळ उचला. प्लॅस्टिकचा जुना डबा तिरका कापून पन्हळीच्या आकाराचा केला तरी काम होतं. लोखंडी खुरपं टाळा, त्याने जस्त आणि रंग दोन्ही ओरखडतात. सुरुवात डाऊनपाइपजवळून करून दूर जात राहा. गाळ बादलीत भरून दोरीने खाली सोडा. वरून फेकला की भिंतीवर शिंतोडे उडतात आणि एक काम वाढतं.

तोंडातलं फडकं काढण्याआधी सगळं उचललं गेलंय ना, हे बघा. मगच पाणी. पन्हळीच्या उंच टोकापासून डाऊनपाइपच्या दिशेने पाइप धरा. मिनिटाला सुमारे १५ लीटर देणारा साधा पाइप असेल, तर १० मीटर पन्हळीला आठ-दहा मिनिटं, म्हणजे दीडशे लीटरच्या आत-बाहेर पाणी पुरतं. पाइप पोहोचत नसेल तर १० लीटरची बादली एका झटक्यात ओता. हळूहळू ओतलेल्या पाण्याला बारीक माती ढकलण्याइतका जोर नसतो.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर वजनाचा विचार करा. १० सेंमी रुंद आणि ७.५ सेंमी खोल पन्हळ काठोकाठ भरली तर दर मीटरला साडेसात लीटर माल मावतो. पाणी धरलेल्या गाळाचं ते वजन साडेसात किलोच्या वरच जातं, आणि ब्रॅकेट आधी वाकतात ते तिथेच.

धुऊन झाल्यावर पन्हळीत पाणी साचून राहतं. अजून घाण आहे का?

घाण नसून उतार बिघडलेला असण्याची शक्यता जास्त. उतार साधारण दर ३ मीटरला ६ मिमी लागतो. मधलं एखादं ब्रॅकेट सैल झालं की तिथे खोलगट भाग होतो. कडेकडेने बोटभर पाणी राहत असेल तर ब्रॅकेट वर उचलून घट्ट करा. दुर्लक्ष केलं तर डासांना अंड्यांपासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

डाऊनपाइप तुंबला आहे. ड्रेन ओपनर ओतला तर?

नको. ते पदार्थ मोरीतल्या चरबी-केसांसाठी बनलेले असतात. पाचोळ्याचा लाकडी तंतू त्यांना सहजी दाद देत नाही. वर, ते द्रव तुंबलेल्या पाइपात उभं राहतं, धातू खातं, आणि नंतर कोणी खालून पाइप उघडायला गेला की त्याच्या तोंडावर येतं.

बोळा बहुतेक वेळा वरच्या किंवा खालच्या बेंडमध्ये असतो. खालचा बेंड सुटा होत असेल तर काढा, पाण्याचा पाइप खालून वर सरकवा आणि पाणी सोडा; बोळा ज्या दिशेने घट्ट बसला त्याच्या उलट दिशेने तो लवकर सुटतो. नाही सुटला तर प्लंबरची लवचिक स्प्रिंग. वरून पाणी भरत राहून बोळ्यावर दाब देण्याचा मोह आवरा: ७५ मिमी व्यासाच्या ३ मीटर पाइपात सुमारे १३ लीटर पाणी मावतं, आणि ते वजन बोळ्याआधी जोड उखडतं.

प्रेशर वॉशर म्हणजे पाणीच ना? मग तो चालेल?

पाणी निरुपद्रवी असतं, त्याचा जोर तसा नसतो. पन्हळीच्या जोडांतलं सिलिकॉन, जुना रंग आणि वळचणीची फळी यांना जोराचा फवारा सहन होत नाही. कौलांच्या किंवा पत्र्याच्या खाली घुसलेलं पाणी घरात उतरतं. वापरायचाच असेल तर ८०-१०० बारच्या पुढे जाऊ नका, रुंद पंख्याचा नोझल लावा, निदान ३०-४० सेंमी अंतर ठेवा आणि फवारा जोडांच्या दिशेने किंवा वरच्या दिशेने मारू नका. शिडीवर उभं राहून तर अजिबात नको. बंदुकीचा मागचा धक्का तोल घालवायला पुरेसा असतो. जमिनीवरून लांब दांडा लावून काम होत असेल तरच.

आमचं मत विचाराल तर बाहेरच्या अंगासाठी कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश प्रेशर वॉशरपेक्षा चांगलं काम करतो. वेळ थोडा जास्त लागतो एवढंच.

साबणपाण्याचं प्रमाण किती?

५ लीटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे, म्हणजे १० मिली. जास्त घातल्याने मळ जास्त निघत नाही, फेस मात्र धुवायला दुप्पट पाणी लागतं आणि उरलेल्या चिकट थरावर धूळ बसते. नायलॉनचा मऊ ब्रश घ्या. तारेची घासणी रंगात लोखंडाचे कण सोडून जाते आणि त्या कणांचे गंजाचे ठिपके होतात. पांढरा मेलामाइन स्पंज डाग काढतो खरा, पण तो बारीक पॉलिश पेपरसारखाच घासतो. चकाकी असलेल्या रंगावर निस्तेज डाग राहतो.

पन्हळीच्या दर्शनी बाजूचे उभे काळे ओघळ साबणाने जात नाहीत. का?

कारण ते नुसत्या धुळीचे नसतात. छतावरून आलेले डांबराचे सूक्ष्म कण आणि हवेतली काजळी काठावरून ओघळताना रंगाला पक्की चिकटतात, आणि वर्षानुवर्षांच्या थेंबांनी थर जाड होतो. डांबरी शिंगल असलेल्या छतांखाली हे जास्त दिसतं.

पहिला प्रयत्न साबणपाण्याचाच करा, ताजे ओघळ निघूनही जातात. नाही निघाले तर पन्हळीसाठीच विकले जाणारे क्लीनर घ्या. त्यातल्या बऱ्याच क्लीनरमध्ये ब्यूटोक्सीएथॅनॉल नावाचं विद्रावक असतं, ते तेलकट थर सोडवतं. लेबलवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ ठेवू नका. पीव्हीसीवर आधी तुकडाभर जागा तपासा, आणि हातमोजे घालाच, हे विद्रावक कातडीतून शरीरात शिरतं.

एक इशारा. एका जागी घासलं की तिथला तुकडा उजळ होतो आणि उरलेली पन्हळ आधीपेक्षा मळकट वाटू लागते. अर्ध्यावर सोडायचं असेल तर सुरूच करू नका.

शेवाळासाठी काय वापरावं?

बाहेरच्या अंगावर पातळ हिरवा थर असेल तर ब्रश आणि साबणपाणी पुरे. रंगाच्या बारीक भेगांत मुरलेलं शेवाळ घासून वरवर जातं आणि लगेच उगवतं. तिथे औषधाला अर्थ आहे.

लिक्विड ब्लीच: ५ टक्क्यांच्या आसपासचं घरगुती ब्लीच १ भाग, पाणी १० भाग. २ लीटर पाण्याला २०० मिली. फवाऱ्याऐवजी ब्रशने किंवा स्पंजने लावा, १० मिनिटं ओलं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. पीव्हीसी आणि चांगल्या रंगाच्या पत्र्यावर ठीक. उघड्या ॲल्युमिनियमवर, जस्तावर आणि स्टेनलेसच्या स्क्रूंवर नको, क्लोरीन त्यांना खड्डे पाडतं. ब्लीच जुनं होत जातं तसा त्याचा जोर ओसरतो, उष्ण जागी अधिक लवकर. डागावर परिणाम दिसत नाही म्हणून प्रमाण वाढवण्याआधी बाटली किती जुनी आहे ते बघा.

ब्लीचिंग पावडर हे वेगळं रसायन आहे. ती पाण्यात पूर्ण विरघळत नाही, पांढरी साय मागे राहते, आणि मग ती साय काढायला पुन्हा धुणं आलं.

सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ‘ऑक्सिजन ब्लीच’: ३० ग्रॅम पावडर २ लीटर पाण्यात, ४०-५० अंश सेल्सिअसला. झाडांना ब्लीचपेक्षा सौम्य. पण द्रावण अल्कलीधर्मी असतं, म्हणून उघड्या ॲल्युमिनियमवर हेही नको. तयार द्रावण बंद बाटलीत ठेवू नका, सुटणाऱ्या ऑक्सिजनने बाटली फुगते आणि झाकण उडू शकतं. काही तासांत वापरून संपवा.

बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेली ‘लावा आणि सोडा’ प्रकारची औषधं हळू काम करतात. परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. लावल्यानंतर दिवसभर पाऊस नको. माशांना ती विषारी आहेत, तेव्हा तळं, हौद किंवा ओढा जवळ असेल तर दुसरा मार्ग शोधा.

शेवाळावर मोरचूद टाकतात असं ऐकलं आहे.

पीव्हीसी पन्हळीवरही टाळा. जीआय आणि ॲल्युमिनियमवर तर कधीच नको. मोरचुदाच्या द्रावणातलं तांबं जस्तावर किंवा ॲल्युमिनियमवर बसतं आणि तिथून धातू झिजायला लागतो. याच कारणाने तांब्याच्या छताचं पाणी जीआय पन्हळीत सोडत नाहीत.

गंजाच्या डागांवर ब्लीच चालतं का?

उलट पक्के होतात. ब्लीच लोखंडाचं ऑक्सिडीकरण आणखी वाढवतं. रंगावर किंवा पीव्हीसीवर ओघळलेल्या गंजासाठी १ लीटर पाण्यात २० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, पाच-दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. ते पोटात गेलं तर विषारी आहे. स्वयंपाकघरातल्या भांड्यात कालवू नका. पन्हळ स्वतःच गंजली असेल तर मात्र आम्लाने ती बरी होणार नाही. सुटा गंज ब्रशने काढा, पूर्ण वाळू द्या, जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंग.

व्हिनेगर तर नैसर्गिक आहे, ते कुठेही लावता येईल?

नैसर्गिक असलं तरी ते आम्लच. पांढऱ्या क्षारांवर व्हिनेगर आणि पाणी समसमान, पाच मिनिटं, पीव्हीसी आणि रंगीत पत्र्यावर. उघडा जीआय, तांबं, आणि पन्हळीखाली संगमरवर किंवा चुन्याचा गिलावा असेल तर नको; ठिबकलेले थेंब दगडाची चकाकी खातात.

दोन रसायनं एकत्र केली तर काम लवकर होईल?

होणार नाही, आणि जिवावर बेतू शकतं. ब्लीच आणि कोणतंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो, ऑक्झॅलिक असो की संडास साफ करण्याचं ॲसिड, यांतून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं क्लीनर यांतून क्लोरामाइन हा विषारी वायू. एकामागून एक वापरतानाही हा धोका आहे: आधीचं पूर्ण धुतलं नाही तर पन्हळीच्या तळाशी दोन्ही एकत्र येतात. शक्य असेल तर एका दिवशी एकच रसायन.

रसायन लावण्याचा क्रम कसा असावा?

हातभर जागेवर चाचणी करा आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघा. ओल्या पृष्ठभागावर सगळंच छान दिसतं. काम सावलीत, पत्रा गार असताना. आधी साध्या पाण्याने सगळं ओलं करा. रसायन खालून वर लावा, नाहीतर वरून ओघळलेली धार कोरड्या मळावर पांढऱ्या रेघा पाडते आणि त्या जाता जात नाहीत. एका वेळी दोन-तीन मीटरच घ्या. धुताना मात्र वरून खाली. हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांवर बंदिस्त चष्मा. डोक्याच्या वर काम करताना थेंब मनगटावरून बाहीत उतरतात. मोज्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडली की ते तिथेच अडतात.

खालच्या झाडांना कसं वाचवायचं?

आधी पानं आणि माती पाण्याने चिंब करा, काम चालू असेपर्यंत प्लॅस्टिक झाका, संपताच काढा आणि पुन्हा पाणी द्या. उन्हात प्लॅस्टिकखाली राहिलेलं झाड रसायनाने नाही तरी उष्णतेने करपतं.

छताचं पाणी टाकीत साठवतो. मग?

मग पाणी आणि ब्रश यांच्यावरच भागवा. रसायन टाळता येतच नसेल तर काम सुरू करण्याआधी डाऊनपाइप टाकीपासून तोडा, धुतलेलं पाणी वेगळं काढा, आणि पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावरच जोडणी पूर्ववत करा. पिण्यासाठी पाणी घेत असाल तर ‘लावा आणि सोडा’ औषधं बादच.

शिडीबद्दल काही?

दर ४ मीटर उंचीला पायथा भिंतीपासून १ मीटर दूर. शिडी पन्हळीला टेकवू नका. ती वाकते आणि सरकते. भिंतीला टेकणारा आडवा आधार लावा. खाली एक माणूस हवा, जवळून विजेच्या तारा जात असतील तर धातूची शिडी नको. हात लांबवण्यापेक्षा शिडी हलवा.

किती दिवसांनी धुवायचं?

वर झाड नसेल तर वर्षातून दोनदा: पानगळीनंतर आणि पावसाच्या आधी. झाडाच्या फांद्या छतावर आल्या असतील तर तीन-चारदा. बाहेरचं अंग प्रत्येक वेळी साबणपाण्याने पुसलं तर काळे ओघळ जाड होत नाहीत आणि विद्रावकाची वेळच येत नाही. धुतल्यावर गाडीचं साधं मेण पुसलं तर पाणी टिकत नाही, पण ते दर वर्षी लावावं लागतं. ऐच्छिक समजा.

उरलेलं द्रावण कुठे ओतायचं?

रस्त्याकडेच्या पावसाळी नाल्यात नको, ते पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होता थेट नदी-तळ्यात जातं. साबणपाणी आणि पातळ ब्लीच घरातल्या मोरीत, नळ चालू ठेवून, एकेक वेगवेगळं ओता. विद्रावक असलेलं क्लीनर लेबलवर लिहिल्याप्रमाणे टाका, किंवा झाकण घट्ट लावून मूळ बाटलीतच पुढच्या वेळेसाठी ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका.